अमेरिकन फुटबॉल संघाचा ट्रेनिंग कॅम्प लहान शहरातून हलवताना

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या संघांचे ट्रेनिंग कॅम्प, म्हणजे हंगामाआधीची सराव शिबिरं, जुलैच्या अखेरीस सुरू होतात. एकेकाळी बहुतेक संघ या दिवसांत एखाद्या लहान शहरातल्या कॉलेजात मुक्काम ठोकत. आता बहुतेकांचा कॅम्प स्वतःच्या सराव केंद्रातच भरतो. मिनेसोटा वायकिंग्ज १९६६ ते २०१७ अशी ५२ वर्षं मॅन्केटोला जात होते, २०१८ पासून ते ईगनमधल्या आपल्या केंद्रात सराव करतात. शिकागो बेअर्सनी २००२ ते २०१९ बोरबोनेत कॅम्प घेतला आणि मग लेक फॉरेस्टमधल्या आपल्या मुख्यालयात आणला. कॅरोलायना पँथर्सनी १९९५ मध्ये स्पार्टनबर्गच्या वॉफर्ड कॉलेजात सुरुवात केली, २०२४ पासून त्यांचा कॅम्प शार्लटमध्ये असतो. लेट्रोब या छोट्या गावाला धरून राहिलेल्या पिट्सबर्ग स्टीलर्ससारखे संघ आता मोजकेच.

हे मार्गदर्शन अशा स्थलांतराची जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी आहे: संघाचं व्यवस्थापन, मैदानाचे लोक, इक्विपमेंट रूम, वैद्यकीय पथक. सामान हलवणं हा यातला सोपा भाग आहे. जुन्या शहरात कॉलेज आणि गावकरी मिळून कितीतरी कामं न बोलता उचलत असतात, ती कुणाच्याच यादीत नसतात आणि नव्या जागी पहिल्याच आठवड्यात एकेक करून उघडी पडतात. म्हणून सुरुवात त्या यादीपासून करा.

कॉलेज काय काय देत होतं

जुन्या जागेवरच्या शेवटच्या कॅम्पमध्ये एका माणसाला फक्त हेच काम द्या. त्याने तीन आठवडे वही घेऊन फिरायचं आणि संघाबाहेरचा प्रत्येक माणूस संघासाठी काय करतो ते लिहायचं. पहाटे साडेचारला मैदानावर पाणी कोण सोडतं? बर्फाचं मशीन बंद पडलं की दुसरा बर्फ कुठून येतो? उंच खेळाडूंसाठी लांब गाद्या कुठल्या खोलीत ठेवलेल्या असतात? वीज चमकली तर ९० खेळाडू आणि हजारभर प्रेक्षक कुठल्या इमारतीत जातात, आणि तिचं दार कोण उघडतं? रुग्णवाहिका कुठल्या फाटकापाशी उभी राहते? फाटकाची चावी कुणाकडे असते?

या यादीचे दोन उपयोग आहेत. नव्या जागी काय उभारायचं ते तिच्यातून कळतं. आणि निघताना कुणाकुणाला भेटायचं, कुणाचं देणं लागतो, हेही तिच्यातूनच कळतं. दुसरा उपयोग बरेच संघ विसरतात.

एक गोष्ट मात्र वहीत सापडणार नाही. उन्हाळ्यात कॉलेज रिकामं असतं. लाउडस्पीकरवर प्रेक्षकांचा कृत्रिम गोंगाट लावून सराव केला, सकाळी सातला शिट्ट्या वाजल्या, रात्री दिवे जळत राहिले, तरी तक्रार करायला शेजारी नसतात. मुख्यालयाभोवती मात्र घरं, ऑफिसं, रस्ते असतात. आवाज, दिवे, पार्किंग आणि गर्दी यांच्या स्थानिक परवानग्या बघायचं काम कॅम्पच्या आधीच्या हिवाळ्यातच हातात घ्या. ऐन जुलैत पालिकेच्या बैठकीची तारीख मिळत नाही.

करार आणि सांगण्याची वेळ

करार वाचताना चार कलमं आधी शोधा. नोटीस किती दिवस आधी आणि कुणाला द्यायची. मुदतवाढीचा पर्याय कुणाच्या हातात आहे आणि तो कुठल्या तारखेला आपोआप लागू होतो. मुदतीआधी सोडल्यास भरपाई किती. आणि संघाच्या वापरासाठी कॉलेजने किंवा शहराने केलेल्या सुधारणांचा (नवी हिरवळ, दिवे, व्यायामशाळेचं रबरी फ्लोअरिंग, पाण्याची लाइन) शिल्लक खर्च कुणी उचलायचा. खरं पाणी या चौथ्या कलमात मुरतं. शहराने कर्ज काढून मैदान केलेलं असेल आणि ते कर्ज कॅम्पच्या भरवशावर फेडायचं असेल, तर करारात तुमच्यावर एक पैसा बसत नसला तरी हा विषय तुम्हीच आधी काढा. न काढल्यास तो वर्तमानपत्रातून निघतो.

निर्णय झाला की हंगाम संपल्याबरोबर सांगा, शक्यतो जानेवारीत. बेअर्सनी बोरबोने सोडत असल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं होतं. यापेक्षा उशीर झाला की नुकसान लहान माणसाच्या अंगावर पडतं. हॉटेलवाल्याने जुलैच्या खोल्या राखून ठेवलेल्या असतात, मेसच्या ठेकेदाराने माणसं बोलून ठेवलेली असतात, कॉलेजची मुलं उन्हाळी कामाच्या भरवशावर गावात थांबायचं ठरवत असतात. अमेरिकेतल्या पुष्कळ स्थानिक संस्थांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. वसंतात त्यांचे अर्थसंकल्प पक्के होऊ लागतात आणि त्यानंतर आकडे बदलणं त्यांना जड जातं.

सांगण्याचा क्रम एकाच सकाळचा ठेवा. पहिला फोन कॉलेजच्या अध्यक्षांना, दुसरा महापौरांना, आणि हे दोन्ही फोन संघाच्या मालकाने किंवा अध्यक्षानेच करायचे. त्यानंतर तासाभरात कॉलेजचे मैदान-प्रमुख, मेस-प्रमुख आणि वसतिगृह-प्रमुख यांना, कारण वर्षानुवर्षं काम त्यांनी केलेलं असतं. पत्रकारांना दुपारी. आदल्या रात्री बातमी फुटली तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच रात्री फोन लावा. महापौराला ही गोष्ट पत्रकाराच्या प्रश्नातून कळली, तर पुढच्या सहा महिन्यांत चावीपासून ट्रकच्या परवानगीपर्यंत प्रत्येक काम अडतं.

जमत असेल तर त्याहून चांगला मार्ग वायकिंग्जचा. २०१७ चा मॅन्केटोतला कॅम्प शेवटचा आहे हे आधीच ठाऊक होतं, त्यामुळे लोकांना ठरवून येता आलं, निरोप घेता आला.

आणि 'एका वर्षापुरतं घरी करून बघू' असं कधीही म्हणू नका, परत जाण्याचा इरादा खरा नसेल तर. २०११ मध्ये मालक आणि खेळाडू यांच्या वादात उन्हाळा अनिश्चित झाला, तेव्हा न्यूयॉर्क जायंट्स अल्बनीला आणि जेट्स कॉर्टलँडला, म्हणजे आपापल्या नेहमीच्या कॅम्पच्या ठिकाणी, गेले नाहीत. दोघे २०१२ मध्ये परतले, पण पुढच्या काही वर्षांत दोघांनीही कॅम्प घरी आणला. त्याच २०११ च्या सामूहिक कराराने दिवसातून दोनदा पॅड बांधून सराव करणं बंद केलं आणि कॉलेजात कोंडून राहण्याचं एक मोठं कारण संपलं. २०२० मध्ये कोविडमुळे लीगने सगळ्यांनाच आपापल्या केंद्रावर थांबवलं. घरी कॅम्प होऊ शकतो हे एकदा कळलं की पाय परत वळत नाहीत. लहान शहरांनाही हे पक्कं माहीत आहे.

मैदान: सगळ्यात आधी सुरू होणारं काम

मैदानाची लांबी दोन्ही टोकांच्या एंड झोनसकट १२० यार्ड आणि रुंदी ५३ पूर्णांक एक तृतीयांश यार्ड, म्हणजे साधारण ११० बाय ४९ मीटर. मुख्यालयात दोन मैदानं असतील आणि वर्षभर तेवढी पुरत असतील, तरी कॅम्पला ती पुरतील असं धरू नका. हंगामात ५३ जणांचा मूळ संघ आणि थोडे सरावातले खेळाडू आठवड्यात काही दिवस मैदानावर उतरतात. कॅम्पमध्ये ९० जण जवळजवळ रोज उतरतात, तेही भर उन्हात, गवतावर आधीच ताण असताना. कॅम्पसाठी नैसर्गिक गवताची तीन मैदानं हवीत. दोन चालू आणि एक विश्रांतीला.

नवं मैदान करायचं असेल तर वाढीचा एक पूर्ण हंगाम हातात ठेवा. वाळूचं मैदान करताना खाली छिद्रांच्या नळ्या, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर खडी, त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूचा थर आणि वर हिरवळीचे गालिचे, अशी रचना असते. सगळ्यात महागात पडणारी चूक गालिच्यांची आहे. चिकणमातीत वाढवलेले गालिचे वाळूवर अंथरले की वर मातीचा पातळ पापुद्रा तयार होतो. पाणी त्या पापुद्र्यावर अडतं, खालची वाळू कोरडी राहते, मुळं खाली जायला कंटाळतात आणि वजनदार लाइनमनने (समोरच्याला ढकलणाऱ्या पुढच्या फळीतल्या खेळाडूने) पाय रोवला की अख्खा तुकडा सुटून येतो. गालिचे वाळूतच वाढवलेले किंवा माती धुऊन काढलेले असावेत, आणि मागणी देण्याआधी शेतावर जाऊन खालची बाजू उलटून बघावी.

मुळं धरली की नाही हे बघायची जुनी रीत अजूनही सगळ्यात भरवशाची आहे. गालिच्याचा कोपरा दोन्ही हातांनी धरून वर ओढा. तो चटईसारखा उचलला जात असेल तर मैदान तयार नाही. ओढताना गवताची पाती तुटत असतील आणि जमीन हलत नसेल, तर मुळं खाली उतरली आहेत. ही चाचणी मधोमध तर कराच, पण कडेच्या सावलीतही करा. इमारतीच्या सावलीतला पट्टा शेवटी धरतो, आणि नेमकं तिथेच राखीव खेळाडूंचं ड्रिल ठेवलेलं असतं.

पाण्याचा हिशेब कागदावर मांडा. आठवड्याला २५ मिलिमीटर पाणी धरलं तरी एका मैदानाला सुमारे १ लाख ३४ हजार लिटर लागतं, त्यात कडेच्या पट्ट्या धरलेल्या नाहीत. तीन मैदानांना पाणी द्यायला रात्रीचे पाच-सहा तासच मिळतात, कारण सकाळी सातला मैदान पायाखाली कोरडं हवं. जुना पंप हा दाब देत नाही हे जुलैत कळलं तर उपाय उरत नाही. मे महिन्यात एकदा तिन्ही मैदानांचे स्प्रिंकलर एकाच रात्री चालवा आणि टोकाच्या स्प्रिंकलरचा फवारा कुठवर जातो ते मोजा.

मैदानाची कठीणता क्लेग हॅमरने मोजतात. ठरावीक वजन नळीतून सोडायचं आणि आदळताना बसलेला धक्का वाचायचा. सामन्याच्या मैदानासाठी एनएफएलची मर्यादा १०० आहे. सरावाच्या मैदानालाही हीच लावा, आणि आकडा ८० च्या वर सरकू लागला की तिथे जमीन भोकं पाडून मोकळी करा. सगळ्यात आधी गोल लाइनजवळची (एंड झोन जिथे सुरू होतो त्या रेघेजवळची) आणि लाइनमन ढकलायचा सराव करतात त्या जड स्लेडखालची जमीन घट्ट होते. म्हणून प्रशिक्षकांबरोबर एक साधा करार करा: स्लेड रोज निदान पाच यार्ड सरकवायचा आणि गोल लाइनचं ड्रिल एकाच टोकाला सलग दोन दिवस घ्यायचं नाही. प्रशिक्षक कुरकुरतात, कारण त्यांचं वेळापत्रक मिनिटांवर चालतं. पण तिसऱ्या आठवड्यात गवत टिकलेलं दिसलं की तेच दुसऱ्यांना सांगतात.

उन्हाचा त्रास, बर्फ आणि औषधं

यात जराही तडजोड करू नका. ३१ जुलै २००१ रोजी वायकिंग्जचे कोरी स्ट्रिंगर मॅन्केटोच्या कॅम्पमध्ये उष्माघाताने कोसळले आणि १ ऑगस्टच्या पहाटे गेले. त्यांच्या नावाने २०१० मध्ये कनेक्टिकट विद्यापीठात सुरू झालेली संस्था याच कामाला वाहिलेली आहे. तिचा मूळ नियम प्रत्येकाला पाठ हवा: आधी थंड करा, मग हलवा. उष्माघाताचा संशय आला की गुदाशयातलं तापमान घ्यायचं, कारण तोंडातलं किंवा कपाळावरचं तापमान फसवतं. मग खेळाडूला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवायचं, पाणी सतत ढवळायचं, आणि शरीराचं तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरलं की बाहेर काढायचं. हे पहिल्या ३० मिनिटांत व्हायला हवं. चांगल्या टबात तापमान मिनिटाला साधारण ०.२ अंशाने उतरतं, म्हणजे ४१.५ वरून ३९ वर यायला बारा-तेरा मिनिटं. एवढा वेळ रुग्णवाहिका फाटकापाशी थांबलेली चालते, टब रिकामा असलेला चालत नाही.

आता बर्फाचा हिशेब. ४५० लिटर पाणी २४ अंशांवरून १० अंशांवर आणायला साधारण ७० किलो बर्फ लागतो. सरावानंतरच्या आंघोळीचे चार टब आणि फक्त आणीबाणीसाठी राखलेले दोन, असे सहा टब धरले तर पहिल्या भरणीलाच ४२० किलो. त्यात पिण्याच्या पाण्याचे कूलर आणि दुखऱ्या गुडघ्या-खांद्यांच्या पिशव्या धरा. रोज ७०० ते ८०० किलो सहज उडतो. मशीनवर लिहिलेला दिवसाचा आकडा थंड खोलीतला असतो. ३५ अंशांच्या शेडमध्ये तेच मशीन बरंच कमी देतं. मशीन घरात ठेवा, साठवणीची पेटी दिवसभराच्या गरजेएवढी घ्या आणि बाहेरच्या एका पुरवठादाराशी आधीच बोलून ठेवा. कॉलेजात ही तजवीज मेसवाले न सांगता करत होते, हे तुमच्या वहीत लिहिलेलं सापडेल.

राखीव टब मैदानाच्या कडेला, सावलीत आणि भरलेलेच ठेवायचे. आतल्या आंघोळीच्या खोलीतला टब आणीबाणीत उपयोगाचा नाही. १३०-१४० किलोच्या माणसाला उचलून दोन दारं ओलांडेपर्यंत पाच मिनिटं जातात. टबाशेजारी मोठी ताडपत्री किंवा उचलायची चादर आणि ती धरायला नेमलेली सहा माणसं हवीत.

हवेतल्या उष्णतेचं वेट बल्ब ग्लोब तापमान (ऊन, दमटपणा आणि वारा धरून निघणारा आकडा) मैदानावरच मोजा, विमानतळाचा आकडा घेऊ नका. डांबर आणि काचेच्या इमारतींमध्ये वेढलेलं मैदान जुन्या कॉलेजच्या मोकळ्या माळापेक्षा जास्त तापतं. जुन्या जागचं वेळापत्रक तसंच उचलून आणलं की अडचण इथेच येते.

औषधांचं एक कलम कायद्याचं आहे. नियंत्रित औषधं जिथे साठवली आणि दिली जातात, त्या जागेची स्वतंत्र केंद्रीय नोंदणी लागते. डॉक्टर तोच असला तरी जागा बदलली की कागद बदलतो. कपाट ट्रकमध्ये चढवण्याआधी हे पूर्ण झालेलं असावं.

झोप, ताट, धुणं

वसतिगृहातून मैदान पाच मिनिटं चालत. हॉटेलातून मैदान बसने वीस मिनिटं. दिवसातून एक जाणं-येणं म्हणजे ४० मिनिटं, आणि दुपारी विश्रांतीला पाठवलं तर ८०. ही मिनिटं झोपेतून जातात. त्यामुळे दुपारची विश्रांती केंद्रातच करायची सोय हवी: अंधार करता येईल अशी खोली, पडण्यापुरत्या खाटा, शांतता. हॉटेल घेताना अख्खे मजले घ्या, लिफ्टपाशी आपला माणूस बसवा, आणि त्या तीन आठवड्यांत त्याच हॉटेलात लग्नं-समारंभ आहेत का ते करार करण्याआधी विचारा. मोठा पलंग लेखी मागा. लहान जोड-पलंगांची खोली लाइनमनला पुरत नाही.

मुख्यालयाचं स्वयंपाकघर बहुधा दुपारच्या जेवणाच्या हिशेबाने बांधलेलं असतं. कॅम्पमध्ये खेळाडू, प्रशिक्षक आणि कर्मचारी मिळून १८० जण धरले तर रोजची ५४० ताटं होतात, मधली खाणी वेगळी. शेगड्या पुरतात. अडतं ते भांडी धुण्यात आणि शीतगृहात. धुण्याचं मशीन तासाला किती रॅक काढतं हे विचारा आणि पुरवठ्याच्या गाड्या आठवड्याला दोनऐवजी चार करून घ्या.

धुण्याचा हिशेब तसाच. घामाने भिजलेले कपडे आणि टॉवेल मिळून माणशी अडीच ते तीन किलो होतात, म्हणजे एका सरावाचे सुमारे २५० किलो. २७ किलोच्या मशीनचे दहा घाणे निघतात. दोन मशीनवर धुणं चार तासांत उरकतं, पण वाळवायला जास्त वेळ लागतो. म्हणून दोन धुण्याच्या मशीनला तीन ड्रायर ठेवा. प्रत्येक खेळाडूचे कपडे त्याच्या क्रमांकाच्या पट्ट्यात अडकवूनच टाकायचे. ९० जणांचे सुटे मोजे रात्री अकराला कुणी जुळवत बसू नये.

इक्विपमेंट रूमची पेटी भरताना एक सवय लावून घ्या. हेल्मेटच्या पेटीत वरच्या कप्प्यात हनुवटीचे पट्टे, चेहऱ्यासमोरच्या जाळ्यांचे स्क्रू आणि त्यांचे नट, पंप आणि दोन सुया. मधे राखीव जाळ्या आणि आतले पॅड. तळाला हेल्मेटवर चढवायच्या मऊ गार्डियन कॅप, ज्या २०२२ मध्ये ठरावीक जागी खेळणाऱ्यांना कॅम्पमध्ये सक्तीच्या झाल्या. पेटीच्या झाकणाच्या आत यादी चिकटवा आणि बाहेर तिचा क्रमांक आणि नव्या केंद्रातला खोली क्रमांक लिहा. 'स्टोअर' असं लिहिलेली पेटी तीन दिवस सापडत नाही. चेंडूही भरल्या हवेने पाठवू नका. उन्हात तापलेल्या ट्रेलरमध्ये हवेचा दाब वाढतो. हवा थोडी काढून पाठवा आणि पोचल्यावर १२.५ ते १३.५ पीएसआयमध्ये आणा.

कॅमेरे

सरावाचं चित्रण बाजूने आणि एंड झोनच्या मागून, अशा दोन कोनांतून लागतं. त्यासाठी भाड्याची सिझर लिफ्ट (कैचीसारख्या पायांवर वर जाणारा मचाण) आणायचा मोह टाळा. २०१० मध्ये नोत्र दाम विद्यापीठात ताशी ५० मैलांहून जोराच्या झोतात अशी लिफ्ट कोसळली आणि चित्रण करणारा विद्यार्थी गेला. अशा लिफ्टसाठी वाऱ्याची नेहमीची मर्यादा ताशी २८ मैल असते. मुख्यालयात तुमचा मुक्काम कायमचा आहे, तेव्हा पक्के मनोरे बांधा किंवा खांबावर दुरून चालणारे कॅमेरे बसवा. जवळच्या उंच इमारतीतून मैदान दिसतं का, हेही त्याच मनोऱ्यावरून बघून घ्या.

प्रेक्षक

लहान शहरातल्या कॅम्पचा जीव तिथल्या दोरीपाशी असतो. एका बाजूला टोपी आणि मार्कर घेऊन उभी असलेली मुलं, दुसऱ्या बाजूला घामाने निथळणारा खेळाडू, मधे हातभर अंतर. मुख्यालयात हे आपोआप होत नाही, ते मुद्दाम बांधावं लागतं. लॉकर रूमकडे जाणारी वाट प्रेक्षकांच्या बाजूनेच ठेवा, दोरीमागे दहा-बारा फूट खोल जागा फक्त मुलांसाठी सोडा आणि सह्यांची वीस मिनिटं सरावाच्या वेळापत्रकात लिहा. वेळापत्रकात नसलेली गोष्ट दुसऱ्या आठवड्यात गळते.

प्रवेशिका फुकट असतील तर घेऊन न येणारे बरेच निघतात. पहिले दोन दिवस प्रत्यक्ष आलेली डोकी मोजून पुढच्या प्रवेशिका सोडा. ५,००० लोक आणि गाडीमागे अडीच माणसं धरली तर २,००० गाड्या होतात. एकरी शंभर-एकशेदहा गाड्या मावतात, म्हणजे अठरा ते वीस एकर लागतात. एवढी जागा नसेल तर दूरच्या पार्किंगवरून बस चालवा. सावली आणि पिण्याचं पाणी यांत काटकसर नको, बाकांवर बसलेल्या आजोबांनाही तेवढाच उन्हाचा धोका असतो.

जुन्या शहरासाठी प्रवेशिकांचा एक वाटा पहिल्याच वर्षापासून वेगळा काढा आणि त्या त्यांच्या ग्रंथालयामार्फत किंवा शाळांमार्फत पोचवा. तिथल्या माणसाने पंचवीस-तीस उन्हाळे संघ आपला मानलेला असतो. त्याने संकेतस्थळावर इतरांबरोबर रांगेत धडपडावं, हे बरं दिसत नाही.

खेळाडूंचा कर

कॅम्प राज्याची सीमा ओलांडत असेल, जसा पँथर्सचा दक्षिणेतून उत्तर कॅरोलायनात आला, तर हिशेबनिसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. बरीच राज्यं बाहेरच्या खेळाडूचं उत्पन्न त्या राज्यातल्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात करपात्र धरतात आणि कॅम्पचे दिवसही त्यात मोजतात. २०० पैकी २० दिवस एका राज्यात गेले तर दहा टक्के वाटा तिथला. जागा बदलली की पगारातली कपात बदलते, आणि खेळाडूला ते पगाराच्या चिठ्ठीवरून कळू नये.

रंगीत तालीम आणि निघणं

जूनमधला सक्तीचा मिनीकॅम्प मुख्यालयातच होतो आणि सगळे खेळाडू असतात. तीच तालीम समजा. एक दिवस पूर्ण कॅम्पसारखा चालवा: हॉटेलात मुक्काम, तीन वेळचं जेवण, सगळे टब भरून, सगळं धुणं त्याच रात्री. वीज चमकल्याची सूचना न सांगता द्या आणि मैदान रिकामं व्हायला किती मिनिटं लागतात ते घड्याळावर मोजा. टबापासून रुग्णवाहिकेपर्यंतची वाट रिकाम्या स्ट्रेचरने एकदा चालून बघा. बंद फाटक, अरुंद वळण, मधेच उभी असलेली कॅमेऱ्याची गाडी, जे काही आहे ते याच फेरीत सापडतं.

जुन्या कॉलेजातून बाहेर पडताना घाई करू नका, पण मुक्कामही लांबवू नका. ऑगस्टमध्ये त्यांच्या स्वतःच्या संघाचा सराव सुरू होतो आणि विद्यार्थी परततात. शेवटच्या सरावानंतर ४८ तासांत ट्रेलर भरून निघायला हवा. व्यायामशाळेत बोल्टने जखडलेले रॅक काढले की जमिनीतली भोकं बुजवा. गोलपोस्ट संघाचे असतील तर ते उपटून नेण्याआधी विचारा. नव्या केंद्रात बहुधा नवेच लागतात, आणि स्लेड, डमी, जुने पोस्ट स्थानिक शाळांच्या मैदानांवर आणखी दहा वर्षं काम देतात. काय दिलं त्याची यादी लेखी द्या, म्हणजे पुढे विम्याचा प्रश्न उठत नाही. पोस्ट काढलेच तर काँक्रीटमधल्या बाह्यांवर (पोस्ट बसवायच्या नळ्यांवर) घट्ट बसणारी झाकणं लावा. गवताखाली उघडी राहिलेली बाही पुढच्या हंगामात कुणाचा तरी घोटा मोडते.

फाटलेल्या गवताची दुरुस्ती पैसे देऊन सोडून देऊ नका, आपले दोन मैदान-कामगार आठवडाभर मागे ठेवा. वापरलेल्या सुयांचे डबे आणि वैद्यकीय कचरा परवानाधारक वाहकाकडेच जावा, कॉलेजच्या कचराकुंडीत एक हातमोजाही राहता कामा नये. मग कॉलेजच्या मैदान-प्रमुखाबरोबर खोल्या, मैदानं, व्यायामशाळा असा एक फेरा मारा. प्रत्येक ठिकाणचा फोटो घ्या, जे मोडलं आहे ते तिथेच लिहा, दोघांच्या सह्या करा. चाव्या मोजून त्यांच्या हातात द्या आणि पावती घ्या. हा फेरा पहिल्या दिवशीच्या वहीवाल्या माणसाला मारू द्या. कुठली चावी कुणाकडे होती हे सगळ्यांत जास्त त्यालाच ठाऊक असतं.